‘स्लो आहे’ म्हणजे नक्की काय रे भाऊ?



गेल्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पुतण्याने निकाल जाहीर केला. "कोर्ट बघितला. स्लो आहे. काहीच होत नाही." त्याखाली थोरल्या दादाचा अंगठा, मावसभावाचं "थँक्स, वाचवलंस" आणि वहिनीचे दोन हसरे चेहरे. संपला विषय! ज्या सिनेमाला २०१४ मध्ये व्हेनिसला बक्षीस मिळालं, २०१५ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, जो भारताकडून ऑस्करला गेला, त्याचा खटला आमच्या ग्रुपने चार मिनिटांत निकाली काढला. खुद्द त्या सिनेमातलं कोर्टसुद्धा इतकं झटपट चालत नाही :-)

मी पुतण्याला फोन लावला.

"किती बघितलास?"

"चाळीसेक मिनिटं असेल, काका."

"एका बैठकीत?"

"नाही, थोडा जेवताना, थोडा झोपताना."

"कशावर?"

"मोबाईलवर. दीडपट स्पीडने."

म्हणजे चाळीस मिनिटांचा सिनेमा याने सत्तावीस मिनिटांत उरकला, तोही दोन घास आणि एक जांभई यांच्या मधे, आणि वर म्हणतो सिनेमा स्लो आहे! अरे बाबा, तू बघितलास कधी?

आधीच सांगतो, मी काही समीक्षक नाही. कॅमेऱ्याचा अँगल कुठला, प्रकाशयोजना कशी, यातलं मला काही कळत नाही. वाळूजच्या एमआयडीसीत नोकरी, आणि सिनेमा बघायचा तो रविवारी घरी सोफ्यावर, पाय टीपॉयवर ठेवून. त्यामुळे हे एका साध्या बघ्याचं म्हणणं आहे. पण म्हणणं ठाम आहे. ‘स्लो आहे’ हे सिनेमाबद्दलचं मत नाही. तो स्वतःबद्दलचा कबुलीजबाब आहे. "माझं लक्ष नव्हतं" हे सांगायची लाज वाटते म्हणून माणूस म्हणतो, "सिनेमा स्लो होता." जेवण पोटात गेलं नाही म्हणून स्वयंपाकाला नावं ठेवायची, पण आपण ताटावर बसलोच नव्हतो हे सांगायचं नाही, त्यातला हा प्रकार.

आता काहीजण लगेच म्हणतील, "म्हणूनच सांगतो, सिनेमा थिएटरातच बघावा." थांबा. माझं म्हणणं ते नाही. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींनी हे सांगणं सोपं आहे. आमच्या गावात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, अंजली, अंबा-अप्सरा, सादिया, मोहन अशी थिएटरं होती, तिथे आम्ही शिट्ट्या मारून सिनेमे बघितले, सगळं केलं. पण या असल्या सिनेमांची वाट तिथे बघत बसलो असतो तर आजही बसलेलो असतो. मॉल आले, मल्टिप्लेक्स आले, तरी असला मराठी सिनेमा लागलाच तर एखादा आठवडा, एखादा शो, तोही नोकरदार माणसाला न जमणाऱ्या वेळेला. आता जानेवारीत अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव होतो, ही गावाची चैन आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण तो पाच दिवस. बाकीचे तीनशे साठ दिवस आपला सोफाच.

त्यामुळे घरी सिनेमा बघणाऱ्याला कुणी हिणवलं की मला राग येतो. मराठवाड्यातल्या माझ्या पिढीचं सिनेमाचं सगळं शिक्षण घरात झालं. २०२५ च्या जानेवारीत आमच्या महोत्सवात सई परांजपे यांना पद्मपाणि जीवनगौरव पुरस्कार दिला. त्यांचे ‘स्पर्श’, ‘चश्मे बद्दूर’, ‘कथा’ हे सिनेमे मी तरी एकही थिएटरात बघितलेला नाही. सगळे दूरदर्शनवर, चाळीच्या एका खोलीत. म्हणून ते सिनेमे माझ्यावर कमी झाले का? उलट ‘कथा’ तर श. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावरून केलेला. धावणारा फारुख शेख आणि मागे राहणारा नसीरुद्दीन शाह. त्या वयात आम्हाला ससाच आवडला होता. कासवाकडे बघायला पुढे वीस वर्षं लागली.

आमच्याकडे टीव्ही आला १९८४ साली. ब्लॅक अँड व्हाइट, शटरवाला. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा. रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा असायचा तेव्हा अर्धी चाळ आमच्या खोलीत. पण मला आज आठवण होते ती रविवार दुपारच्या सिनेमांची. कधी बंगाली, कधी मल्याळी, कधी कन्नड, खाली इंग्रजी अक्षरं. ती वाचून होईपर्यंत पुसली जायची. आमच्या आजीला बंगाली येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं, वाचता तर मराठीसुद्धा येत नव्हतं. तरी ती भिंतीला टेकून बघायची. एक तर बघायची, नाहीतर झोपायची. तिसरा प्रकार तिला माहीत नव्हता. पण उठल्यावर "सिनेमा स्लो होता" असं ती कधी म्हणाली नाही. म्हणायची, "माझा डोळा लागला." केवढा प्रामाणिकपणा!

तेव्हाच्या घरात एक शिस्त होती आणि ती आपोआप होती. सिनेमा अमुक वाजता सुरू होणार म्हणजे होणार. थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही, पळवता येत नाही. लघवीला गेलात तर तेवढा सिनेमा गेला. पुढे व्हीसीआर आला. रात्रभरासाठी भाड्याने आणायचा, तीन कॅसेट संपवायच्या, सकाळी परत. तिथेही भाडं भरलेलं असल्यामुळे सगळे डोळे ताणून बसायचे. म्हणजे घर वाईट नव्हतं. घरातसुद्धा माणसं सिनेमाच्या हवाली होत होती. आता सिनेमा माणसाच्या हवाली झालाय. घोटाळा तिथे आहे.

बटणं आमच्या हातात आली. दहा सेकंद पुढे, दहा सेकंद मागे, थांबव, पळव. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने वेग कमीजास्त करायची सोय करून बघायला घेतली तेव्हा हॉलिवुडच्या दिग्दर्शकांनी आरडाओरडा केला होता. पुढच्या वर्षी ती सोय मोबाईलवर आलीच. दिग्दर्शक ओरडले ते अहंकारापोटी, असं तेव्हा मलाही वाटलं होतं. आता वाटत नाही. मी ‘कोर्ट’मधलाच एक प्रसंग सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल.

लोकशाहीर नारायण कांबळे. याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा खटला त्याच्यावर भरलेला. पुढे त्या मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते. कॅमेरा हलत नाही. पार्श्वसंगीत नाही. ती रडत नाही. वकील विचारतो, ती सपाट आवाजात उत्तर देते. नवरा दारू प्यायचा का? प्यायचा. गटारात उतरायच्या आधी काय करायचा? खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, मग उतरायचं. बस. एवढंच.

आता हे दीडपट वेगाने लावून बघा. ती बाई प्रश्नमंजूषेत उत्तरं देतेय असं वाटतं. साध्या वेगाने बघा. एकेका उत्तराच्या आधी ती थांबते. त्या थांबण्यात सगळं आहे. तिला हे कुणी आजवर विचारलेलंच नाही, हे त्या थांबण्यात कळतं. पुतण्या ज्याला ‘काहीच होत नाही’ म्हणतो ना, ते म्हणजे हे. आणि तो तिथपर्यंत पोचलाच नाही!

आणखी एक गंमत. या सिनेमात शेवटी कोर्टाला सुट्टी लागते. माणसं जातात, दिवे बंद होतात, अंधार. घरी बघताना इथे हमखास कुणीतरी रिमोट उचलतो. "संपला वाटतं." संपलेला नाही! त्यानंतर ते न्यायाधीश महाराज सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी काढतात आणि झोप मोडणाऱ्या पोराला थोबाडीत देतात. सगळ्या सिनेमाचा निकाल त्या थोबाडीत आहे. अंधारात अर्धं मिनिट धीर धरणाऱ्यालाच तो मिळतो.

आता ‘द डिसायपल’. ३० एप्रिल २०२१ ला नेटफ्लिक्सवर आला. दिग्दर्शक तोच, चैतन्य ताम्हाणे. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या, पण मोठा गवई न होऊ शकलेल्या एका माणसाची गोष्ट. त्यात तो रात्री मोटरसायकलवरून सावकाश जातो, कानात माईंच्या भाषणाची जुनी टेप, आणि मागे तानपुरा. आमच्या ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "नुसता गाडीवर फिरतोय, पुढे काय?" त्याने तो सिनेमा मोबाईलच्या स्पीकरवर बघितला होता. अहो, मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तानपुऱ्याचा खर्ज निघेल कसा? ज्या आवाजावर तो सगळा प्रसंग उभा आहे तो आवाजच याने ऐकला नाही. मग उरतो तो फक्त गाडीवर फिरणारा माणूस. बरोबरच आहे, कंटाळा येणारच. नुसती फोडणी काढून घेतली आणि म्हणे आमटीला चव नाही.

त्या सिनेमातल्या माईंचा आवाज कुणाचा आहे माहितीये? सुमित्रा भावे यांचा. ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘अस्तु’ करणाऱ्या. ज्यांच्या ‘कासव’ला २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळालं. (पुन्हा कासव!) १९ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या. अकरा दिवसांनी त्यांचा आवाज नेटफ्लिक्सवरून आमच्या घरात आला. आणि आणखी तीन आठवड्यांनी, २१ मे ला, त्यांचा ‘दिठी’ हा सिनेमा सोनी लिव्हवरून आला. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा. लॉकडाऊनचे दिवस, थिएटरं बंद. म्हणजे एका मोठ्या बाईने जाता जाता दोन गोष्टी थेट आमच्या सोफ्यापुढे आणून ठेवल्या. आणि आम्ही काय केलं? तेच सांगायला हे सगळं लिहितोय. इथून पुढे मी पुतण्याला बोलणार नाही, स्वतःला बोलणार आहे.

त्या वर्षी आषाढीला पायी वारी नव्हती, पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. त्याच आसपासचा एक रविवार. बाहेर पाऊस. दादा-वहिनी वरच्या मजल्यावरून खाली आले, पुतण्या होता, आमचे चिरंजीव होते. ‘दिठी’ लावला. गोष्ट सांगायची तर एका वाक्यात. तीस वर्षं वारी केलेल्या रामजी लोहाराचा तरुण मुलगा पुरात वाहून गेलाय, त्याचा विठ्ठलावरचा विश्वास ढासळलाय, आणि अशात गावातली एक गाय अडते. गाईची सुटका करायला या माणसाचाच हात लागतो. रामजीच्या कामात किशोर कदम.

आम्ही चौघं सोफ्यावर. आई आणि सौ. स्वयंपाकघरात भजी तळत होत्या. का? तर पाऊस होता आणि आम्हाला भजी हवी होती. पंधरा मिनिटांत दादाने फोन काढला. वीस मिनिटांत मी काढला. अध्येमध्ये "चटणी कुठाय", "कांदाभजी संपली का", "चहा टाका ना". दोनदा थांबवला, एकदा पुढे ढकलला. दादा म्हणाला, "स्लो आहे." मी म्हणालो, "आहेच." हो मंडळी, हे वाक्य मीसुद्धा म्हटलेलं आहे.

मग गाईचा प्रसंग आला. गाय अडलीय, रात्र, पाऊस, माणसं कंदील घेऊन जमलेली. आई चहाचे कप न्यायला बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. हाताला बेसन लागलेलं. आई सिल्लोडकडची, गोठ्यात वाढलेली. उभीच राहिली. कढईतलं तेल आत तापत होतं, सौ. ने गॅस बंद केला आणि तीही येऊन मागे उभी राहिली. सिनेमा संपेपर्यंत दोघी तशाच दारात. कुणी "बसा" म्हटलं नाही. आम्ही चौघांनी सोफा भरून टाकला होता.

संपल्यावर आईने मला विचारलं, "त्या लोहाराचं पोरगं काहून गेलं रे? पहिल्यांदी काय झालं होतं?"

आणि मला सांगता येईना.

म्हणजे "पुरात" एवढं सांगता आलं. पण कसं, कधी, बापाला कळलं तेव्हा तो काय करत होता, सुनेचं काय, तिला त्या दिवसांत काय झालं... आई एकेक विचारत गेली आणि मी दादाकडे बघायला लागलो. दादा पुतण्याकडे. सिनेमाच्या समोर दीड तास बसलेल्या चार बाप्यांपैकी एकालाही गोष्ट नीट सांगता येईना. जिला ती हवी होती, ती अर्धा वेळ चुलीपुढे होती.

त्या रात्री झोप लागली नाही असं काही म्हणणार नाही, लागली. पण एक हिशेब डोक्यातून जाईना. आमच्या घरात १९८४ पासून सिनेमा बघितला जातोय. आईने एक तरी सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बसून, मधे न उठता बघितलाय का? मी आठवून आठवून पाहिलं. रविवार संध्याकाळचा सिनेमा असायचा तेव्हा ती चाळीतल्या बायकांना पाणी देत असायची, आणि मग स्वयंपाकाची वेळ. व्हीसीआरच्या रात्री ती दुसऱ्या कॅसेटला झोपलेली असायची, कारण पहाटे पाण्याला उठायचं असायचं. आमच्या गावात नळाला पाणी येणार म्हणजे घरातल्या बाईला रात्रीचा दिवस करणं आलं. दुपारच्या सिनेमाला भांडी. आईने आयुष्यभर सिनेमे दारातून बघितले, तुकड्यातुकड्याने, उभ्याने. आणि गोष्ट जोडून घेतली. "मग पुढं काय झालं?" हा प्रश्न आमच्या घरात फक्त तीच विचारायची. आम्हाला वाटायचं, आईला सिनेमा कळत नाही.

‘स्लो आहे’ हे आई एकदाही म्हणाली नाही. ज्याला बघायला मिळत नाही तो वेगाची तक्रार करत नाही.

पुढच्या आठवड्यात माझी नाइट शिफ्ट होती, दुपारी घरी होतो. आईला म्हटलं, चल, तो लोहाराचा सिनेमा पुन्हा लावतो. म्हणाली, "भांडी पडलीयेत." म्हटलं, पडू देत. फोन दोन्ही आतल्या खोलीत ठेवले. तिला सोफ्याच्या मधोमध बसवलं. पहिली दहा मिनिटं ती अवघडून बसली होती, पाहुण्यांच्या घरी बसावं तशी. दोनदा उठायला गेली, मी हात धरून बसवलं. मग बसली. मग मला विसरली.

रामजीचा मुलगा गेल्याचं कळतं तिथे तिने पदर तोंडाला लावला. गाईच्या प्रसंगात तिचे हात आपोआप हलत होते. पडद्यावरच्या माणसाच्या आधी अर्धा सेकंद. मी सिनेमा बघत होतो की आईला, ते सांगता येत नाही.

संपल्यावर मी मुद्दाम विचारलं, "आई, दादा म्हणत होता स्लो आहे."

"गाय व्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला की," आई म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

मंडळी, मी आजवर सिनेमावर जेवढं काही वाचलंय त्यात याच्यापेक्षा नेमकं काही वाचलेलं नाही. (भांडी त्या दिवशी मी घासली. सौ. ला विचारा. ती म्हणेल, "एकदाच घासली." तेही खरं आहे.)

आता आक्षेप.

दादा म्हणणार, "दिवसभर राबून आल्यावर डोक्याला ताप कशाला? करमणूक हवी." मान्य, शंभर टक्के मान्य. मीही ‘अशी ही बनवाबनवी’ पंचवीस वेळा बघितलाय आणि पुन्हा लागला तर सव्विसाव्यांदा बघेन. दमला असशील तर ‘बनवाबनवी’ लाव, झोप, पत्ते खेळ. पण "मी आज दमलोय" हे वाक्य म्हण. "सिनेमा स्लो आहे" असं ग्रुपवर टाकून उरलेल्या सतरा जणांचं दार बंद करू नकोस. तुझ्या अंगठ्यामुळे मावसभाऊ तो सिनेमा आता जन्मात बघणार नाही. आधीच आपल्याकडे या सिनेमांना थिएटर नाही. घर हे एकच ठिकाण उरलंय, आणि तिथेही आपण असे वागलो तर हे सिनेमे करणाऱ्यांनी जायचं कुठे?

दुसरा आक्षेप, "पण काही सिनेमे खरंच कंटाळवाणे असतात." असतात ना! पुरस्कारवाल्यांतही असतात. मी स्वतः अर्ध्यातून सोडलेत. पण संथ वेगळं आणि कंटाळवाणं वेगळं. माझी एक साधी कसोटी आहे. दहा सेकंद पुढे ढकला. काही बुडालं नाही, तर सिनेमा कंटाळवाणा. काहीतरी बुडालं, तर तो संथ आहे, आणि ढकलणारे तुम्ही चुकलात. ही कसोटी लावली तर पन्नास कोटींच्या कितीतरी धावत्या, मारधाडीच्या सिनेमांत अर्धा अर्धा तास ढकलला तरी काही बुडत नाही. त्यांना कुणी स्लो म्हणत नाही, कारण त्यात सारखं काहीतरी फुटत असतं.

आणि मालिका? आमच्याकडे रोज संध्याकाळी एका मालिकेत एक मंगळसूत्र तुटायला सोमवार ते बुधवार लागतात. मणी ओघळताहेत, सासूचा चेहरा, नणंदेचा चेहरा, पुन्हा सासूचा चेहरा, ढॅण ढॅण ढॅण. हे तीन दिवस बघणारी माणसं ‘कोर्ट’ला स्लो म्हणतात! धन्य आहे.

तिसरा आक्षेप पुतण्याचा. "काका, तुमच्या पिढीला वेळ होता. आमची सवयच नाही राहिली." हा मात्र खरा आक्षेप आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. सवय मोडलीय, माझीही मोडलीय. पण या गावच्या माणसाने संथपणाला घाबरावं हे मला पटत नाही. दर पावसाळ्यात आपण जायकवाडी किती टक्के भरलं हे रोज सकाळी पेपरात बघतो. कालच्यापेक्षा दीड टक्का वाढलं तर घरात आनंद होतो. नळाला पाणी कितव्या दिवशी येणार याची वर्षानुवर्षं वाट बघितलेलं हे शहर आहे. आपल्याला वाट बघता येते रे! आणि पाहुणे आले की त्यांना अजिंठ्याला कोण नेतं? आपणच ना? उन्हातून पहिल्या लेणीत शिरलं की आधी नुसता अंधार दिसतो. पाहुणा म्हणतो, "इथे तर काहीच नाही." आपण काय सांगतो? "थांबा जरा, डोळे सरावू द्या." दोन-तीन मिनिटं जातात आणि मग तो पद्मपाणि हळूहळू भिंतीतून बाहेर येतो. तिथे आपण पाहुण्याला दीडपट वेगाने चाला म्हणत नाही.

तेवढंच सिनेमाला द्या. डोळे सरावू द्या.

तर माझी मागणी एवढीच, आणि ती आधी मला स्वतःला लागू आहे. एक, ज्याने सिनेमा पूर्ण, सरळ वेगाने बघितला नाही, त्याने ग्रुपवर निकाल देऊ नये. "मी सोडला" म्हणावं, बास. दोन, तानपुरा असलेला सिनेमा मोबाईलच्या स्पीकरवर बघू नये, निदान इयरफोन लावावा. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, सिनेमा सुरू झाल्यावर घरातल्या कुणीही चहा, भजी, पाणी मागू नये. मागायचंच असेल तर उठून करावं. ज्या सिनेमाच्या वेळी घरातल्या दोन बायका दारात उभ्या असतात, तो सिनेमा त्या घराने बघितला असं म्हणता येत नाही.

दादा, तू हे वाचशीलच. रागावू नकोस, त्या दिवशी सोफ्यावर तुझ्या शेजारी मीच होतो.

आणि पुतण्या, येत्या रविवारी खाली ये. ‘कोर्ट’ पहिल्यापासून लावतोय, टीव्हीवर, साध्या वेगाने. आजी बघणार आहे, तिला मी तसं सांगून ठेवलंय. फोन वरच ठेवून ये. सोफ्याची मधली जागा आजीची, तू खाली सतरंजीवर बस. चहा मी करणार आहे, सिनेमा सुरू व्हायच्या आधी.